एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या: डिजिटल संगीतसंग्रहाचं टॅगिंग आणि मांडणी

अल्बमची जुनी सीडी रिप करून, म्हणजे तिच्यातली गाणी फायलींच्या रूपात संगणकावर उतरवून, ठेवलेली असते. तिच्या शेजारी त्याच अल्बमची रीमास्टर आवृत्ती आणून ठेवावी, प्लेअर उघडावा, तर १४ गाण्यांच्या अल्बममध्ये २८ गाणी दिसतात. पहिलं गाणं दोनदा, मग दुसरं दोनदा. फोल्डर वेगळे असले तरी हेच होतं, कारण बहुतेक प्लेअर फोल्डरकडे बघतच नाहीत. ते फाइलच्या आतले दोन रकाने वाचतात, अल्बमचं नाव आणि अल्बमच्या मुख्य कलाकाराचं नाव. दोन्ही जुळले की सगळी गाणी एकाच अल्बममध्ये जातात.

यावरचा झटपट उपाय म्हणजे अल्बमच्या नावापुढे हाताने काहीतरी जोडणं. कुठे ‘रीमास्टर’, कुठे ‘नवीन’, कुठे ‘डीलक्स २’. दहा अल्बमपर्यंत हे चालून जातं. पुढे कोणतं जोडलेलं नाव कशासाठी होतं हे आठवत नाही आणि शोधताना काहीच धड सापडत नाही. म्हणून या लेखातली सगळी रीत एका नियमावर उभी आहे: आवृत्तीची माहिती आधी स्वतंत्र रकान्यांत भरायची आणि प्लेअरमध्ये दिसणारं अल्बमचं नाव त्या रकान्यांतून सॉफ्टवेअरकडून तयार करून घ्यायचं. उद्या प्लेअर बदलला तर नावं एका फटक्यात बदलता येतात, माहिती जिथल्या तिथे राहते.

फाइलच्या आतल्या या रकान्यांनाच टॅग म्हणतात. रकान्यांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ती रोमन लिपीत दिसतील.

आधी ठरवा: नेमकं काय वेगळं आहे?

‘आवृत्ती’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. मिक्स वेगळा असतो, म्हणजे मूळ ट्रॅकवरून आवाजांची जुळणी नव्याने केलेली असते. मास्टरिंग वेगळं असतं, म्हणजे मिक्स तोच, पण अंतिम टेपवरून सीडी किंवा फाइल बनवताना केलेलं काम निराळं. कधी ऐवज वेगळा असतो: जादा गाणी, गाळलेली गाणी, बदललेला क्रम. आणि कधी फक्त वेष्टन किंवा छपाई वेगळी असते, आतला आवाज तोच.

बीटल्सचा ‘रबर सोल’ यासाठी उत्तम नमुना आहे. ब्रिटनमध्ये तो डिसेंबर १९६५ मध्ये पार्लोफोन या लेबलने १४ गाण्यांचा काढला, मोनो आणि स्टिरिओ असे दोन स्वतंत्र मिक्स करून. अमेरिकेत कॅपिटलने त्याच महिन्यात काढलेल्या अल्बममध्ये १२ च गाणी होती. ब्रिटिश यादीतली चार गाळलेली आणि आधीच्या ब्रिटिश अल्बममधली दोन घातलेली. १९८७ ची सीडी आली तेव्हा बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी स्टिरिओ मिक्स नव्याने केला. २००९ चा स्टिरिओ रीमास्टर याच नव्या मिक्सवरून झाला. १९६५ चा मूळ स्टिरिओ मिक्स मात्र २००९ च्याच मोनो संचात आला, मोनो मिक्सच्या मागोमाग, एकाच डिस्कवर. म्हणजे ‘माझ्याकडे रीमास्टर आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. २००९ च्याच दोन डिस्कवर मिळून तीन निरनिराळे मिक्स आहेत.

हे चार प्रकार मनात पक्के असले की कोणत्या आवृत्त्या शेजारी ठेवण्यासारख्या आहेत तेही कळतं. मिक्स वेगळा असेल तर दोन्ही ठेवा, त्यात वाद नाही. ऐवज वेगळा असेल तर बहुधा मोठी आवृत्ती पुरते, पण अमेरिकन ‘रबर सोल’सारखी गाण्यांची निवडच बदललेली असेल तर ती वेगळा अल्बम म्हणून ठेवण्याच्या लायकीची. मास्टरिंगच्या बाबतीत ऐकून ठरवा. निव्वळ वेष्टन वेगळं असेल तर एकच प्रत ठेवा आणि दुसरीची नोंद करून ती काढून टाका. संग्रह फुगवण्यात काही मतलब नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

संग्रहाची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन फायली आपोआप लावण्याचे, त्यांची नावं बदलण्याचे आणि टॅग लिहिण्याचे सगळे पर्याय बंद करा. दोन सॉफ्टवेअर एकाच फाइलमध्ये लिहीत बसली की कोणी काय बिघडवलं हे शोधण्यात आठवडा जातो.

साधनं फार लागत नाहीत. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या ऑनलाइन डेटाबेसवरून टॅग आणतं. एमपीथ्रीटॅग किंवा किडथ्री हे घाऊक संपादनासाठी. नाव काहीही असलं तरी एमपीथ्रीटॅगला फ्लॅक आणि एमफोरए फायलीही चालतात. गाण्यांचे तांत्रिक तपशील बघायला आणि दोन आवृत्त्या ताडून बघायला फूबार२००० हा प्लेअर. कमांड लाइनची भीती नसेल तर बीट्स हे एकटंच यातलं बरंचसं काम करतं, पण त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

हातातली आवृत्ती ओळखणं

खरा वेळ इथे जातो आणि जाऊ द्यावा. टॅग चुकला तर सुधारता येतो, पण चुकीच्या आवृत्तीचं लेबल एकदा चिकटलं की पुढे त्यावर कोणी शंका घेत नाही.

सीडी हातात असेल तर काम सोपं. मागच्या कव्हरवरचा बारकोड आणि कण्यावरचा कॅटलॉग क्रमांक लिहून घ्या. वर्ष वाचताना मात्र जपून. वर्तुळातल्या पी अक्षराशेजारचं वर्ष ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं आणि वर्तुळातल्या सी शेजारचं मजकूर-चित्रांच्या हक्काचं. पुन्हा काढलेल्या सीडीवर कित्येकदा मूळ वर्षच तसंच छापलेलं असतं, त्यामुळे १९८७ छापलंय म्हणून डिस्क १९८७ ची असं धरता येत नाही. अशा वेळी डिस्क उलटी करून आतल्या कड्याजवळची कोरलेली अक्षरं उजेडात तिरकी धरून वाचा. तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे छपाईच्या साच्याचा क्रमांक, असतो, आणि आयएफपीआय अशी बारीक अक्षरं व पुढे छोटा कोड दिसला तर ती प्रत १९९४ च्या आधीची नाही, कारण ती पद्धतच तेव्हा सुरू झाली. मॅट्रिक्स क्रमांक डिस्कॉग्ज या ध्वनिमुद्रणांच्या सूचीच्या संकेतस्थळावरच्या नोंदींशी ताडला की छपाई कोणती तेही बहुतेक वेळा सापडतं.

सीडी जवळ नाही, फक्त फायली आहेत, मुळाचा पत्ता नाही, अशी वेळ जास्त येते. तेव्हा फायलींकडूनच साक्ष घ्यायची.

पहिली साक्ष नमुन्यांच्या संख्येची. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि एका सेकंदाच्या ७५ चौकटी असतात, म्हणजे एका चौकटीत ५८८ नमुने. सीडीवरचा प्रत्येक ट्रॅक पूर्ण चौकटींचाच असतो. फूबारमध्ये फाइलचे गुणधर्म उघडा, कालावधीशेजारी नमुन्यांची एकूण संख्या दिसते. तिला ५८८ ने भागा. समजा संख्या ८८,२०,००० आहे. भागाकार नेमका १५,००० येतो, बाकी शून्य. अल्बममधल्या सगळ्या गाण्यांचं असंच होत असेल तर फायली सीडीवरून आलेल्या असण्याचा संभव मोठा. बाकी उरत असेल तर त्या सीडीवरून थेट रिप केलेल्या नाहीत, किंवा मधे कोणीतरी कापाकापी केली आहे. ही कसोटी फ्लॅकसारख्या लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या, फायलींनाच लावा. एमपीथ्रीत एन्कोडर सुरुवातीला-शेवटी नमुने भरतो, त्यामुळे तिथे हा हिशेब लागत नाही.

दुसरी साक्ष ट्रॅकच्या लांबीची. म्युझिकब्रेन्झवर बऱ्याच आवृत्त्यांना डिस्क आयडी जोडलेले असतात. हे आयडी डिस्कच्या अनुक्रमणिकेवरून, म्हणजे प्रत्येक ट्रॅक कोणत्या चौकटीवर सुरू होतो त्यावरून काढलेले असतात. तुमच्या फायलींच्या लांब्या एखाद्या डिस्क आयडीतल्या लांब्यांशी शेवटच्या चौकटीपर्यंत जुळल्या तर ओळख जवळपास पक्की. रिप करतानाचा लॉग सापडला तर अनुक्रमणिका त्यातच लिहिलेली मिळते, म्हणून लॉग कधी पुसू नका.

तिसरी साक्ष आवाजाच्या पातळीची. दोन्ही आवृत्त्यांचं रीप्लेगेन मोजा, म्हणजे सगळं सारख्याच मोठेपणाने वाजावं म्हणून आवाज किती खालीवर करायचा त्याचं माप. एका आवृत्तीला उणे २ डेसिबल आणि दुसरीला उणे ८ डेसिबल सुचवलं गेलं, तर दोघींचं मास्टरिंग वेगळं आहे यात शंका राहत नाही. ऐंशीच्या दशकातल्या सीडी सहसा मंद असतात, नव्वदच्या उत्तरार्धापासूनचे रीमास्टर सहसा कर्कश. याला अपवाद भरपूर आहेत, म्हणून हा पुरावा आधाराला घ्यावा, निकालाला नाही.

पिकार्डमधल्या ‘स्कॅन’ बटणावर आवृत्तीच्या बाबतीत विसंबू नका. ते ॲकूस्टआयडी वापरतं, म्हणजे गाण्याच्या आवाजाचा ठसा घेऊन ध्वनिमुद्रण ओळखतं. तोच मिक्स पुन्हा मास्टर केला तर ठसा जवळपास तोच येतो. शिवाय म्युझिकब्रेन्झच्या रचनेतच रीमास्टर हे वेगळं ध्वनिमुद्रण धरत नाहीत. वेगळा मिक्स मात्र वेगळं धरतात. त्यामुळे स्कॅन केल्यावर पिकार्ड १९८७ च्या सीडीला २००९ चं लेबल बेधडक लावून मोकळं होतं आणि वर हिरवी खूणही दाखवतं. योग्य वाट अशी: म्युझिकब्रेन्झच्या संकेतस्थळावर बारकोड किंवा कॅटलॉग क्रमांकाने आवृत्ती शोधा, पिकार्ड उघडं असताना तिथल्या टॅगर बटणावर क्लिक करून तीच आवृत्ती पिकार्डमध्ये आणा, आणि आपल्या फायली ओढून तिच्यावर टाका. दोन क्लिक जास्त लागतात, पण निर्णय तुमचा राहतो.

एवढं करूनही ओळख पटली नाही तर अंदाजाने वर्ष ठोकू नका. आवृत्तीच्या रकान्यात ‘मूळ अज्ञात’ असं स्पष्ट लिहा.

कोणत्या रकान्यात काय

म्युझिकब्रेन्झची विचारपद्धत इथे उपयोगी पडते. अल्बम ही कल्पना म्हणजे ‘रिलीज ग्रूप’, आणि तिच्या प्रत्यक्ष प्रकाशित झालेल्या आवृत्त्या म्हणजे ‘रिलीज’. डिस्कॉग्जवर हेच ‘मास्टर’ आणि ‘रिलीज’ या नावांनी आहे. पिकार्ड फाइलमध्ये दोन्हींचे आयडी लिहितं. सगळ्या आवृत्त्यांत रिलीज ग्रूपचा आयडी समान आणि रिलीजचा वेगळा असतो, त्यामुळे नावात कितीही घोळ झाला तरी कोण कोणाचा भाऊ हे यंत्राला कळतं. हे आयडी पुसू नका.

तारखांचे दोन रकाने लागतात आणि दोन्ही भरायचे. ‘डेट’मध्ये या आवृत्तीची तारीख, ‘ओरिजिनलडेट’मध्ये अल्बम पहिल्यांदा आला ती तारीख. एकच ठेवली तर १९६५ चा अल्बम २००९ च्या अल्बमांमध्ये जाऊन बसतो, नाहीतर आवृत्तीचं वर्षच हरवतं. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. एमपीथ्रीसाठी शक्य तिथे आयडीथ्रीची (एमपीथ्रीत टॅग साठवण्याच्या पद्धतीची) २.४ ही आवृत्ती निवडा, कारण २.३ मध्ये मूळ तारखेच्या जागी फक्त वर्ष मावतं. तुमचा गाडीतला किंवा जुना प्लेअर २.४ वाचत नसेल तर मात्र २.३ च बरी.

लेबल, कॅटलॉग क्रमांक, बारकोड, माध्यम, प्रकाशनाचा देश हे रकाने पिकार्ड आपणहून भरतं. ते नजरेखालून घातले की पुरे.

आता मुख्य रकाना: ‘अल्बमव्हर्जन’. हा तुम्ही स्वतः भरायचा. म्युझिकब्रेन्झवर आवृत्तीच्या नावापुढे फरकाची छोटी टीप असते, ती इथे जशीच्या तशी घ्यायचा मोह होतो. पण त्या टिपा वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या पद्धतीने लिहिलेल्या असतात. आपली एक ठरीव रीत असावी: आधी वर्ष, मग कामाचा प्रकार, मग गरज असेल तरच लेबल किंवा देश. ‘१९८७ रीमिक्स’, ‘२००९ रीमास्टर’, ‘२००९ मोनो’, ‘१९६५ कॅपिटल’. वर्ष आधी असल्यामुळे यादी आपोआप कालक्रमाने लागते. शब्दांची छोटी यादी एका मजकूर-फाइलमध्ये लिहून संग्रहाच्या मुळाशी ठेवा: रीमास्टर, रीमिक्स, मोनो, डीलक्स, व्हिनाइल रिप, २४-९६ (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) वगैरे. त्या यादीबाहेरचा शब्द वापरायचाच नाही. ‘डिलक्स’ आणि ‘डीलक्स’ यांत यंत्राला काडीचं साम्य दिसत नाही.

हा रकाना भरल्यावर पिकार्डच्या पर्यायांत जाऊन, ज्या टॅगना हात लावायचा नाही त्यांच्या यादीत ‘अल्बमव्हर्जन’ घाला. नाहीतर पुढे कधी पिकार्डमधून फाइल पुन्हा गेली आणि जुने टॅग पुसण्याचा पर्याय चालू असला, की सगळी मेहनत वाया.

याच्या जोडीला आणखी एक रकाना तयार करा, ‘अल्बमबेस’. त्यात अल्बमचं निखळ नाव, मागेपुढे काही न जोडलेलं. याचा उपयोग पुढच्या टप्प्यात दिसेल.

गाण्यांच्या नावांचीही एक सफाई करायची असते. विकत घेतलेल्या फायलींमध्ये दुकानं प्रत्येक गाण्यापुढे ‘२००९ रीमास्टर’ असं शेपूट लावून देतात. ती आवृत्तीची माहिती आहे, गाण्याची नाही. एमपीथ्रीटॅगमधल्या शोधा-बदला क्रियेने ती सगळीकडून काढा. पण ‘लाइव्ह’, ‘डेमो’, ‘टेक २’ ही शेपटं राहू द्या. ती त्या वादनाची ओळख आहे.

दिसणारं नाव कसं बनवायचं

तुमचा प्लेअर अल्बम कसे वेगळे करतो हे आधी तपासा. माहितीपत्रक वाचण्यापेक्षा चाचणी बरी: एका अल्बमच्या दोन आवृत्त्या घ्या, अल्बमचं नाव आणि कलाकार समान ठेवा, बाकी रकाने वरच्यासारखे भरा आणि प्लेअरला वाचू द्या. आपोआप दोन अल्बम दिसले तर नावात काहीच जोडायची गरज नाही. नॅव्हिड्रोम हा संगीत-सर्व्हर ०.५५ या आवृत्तीपासून असंच वागतो. तो आधी म्युझिकब्रेन्झचा रिलीज आयडी बघतो, आणि तो नसेल तर कलाकार, अल्बम, अल्बमव्हर्जन आणि प्रकाशनाची तारीख मिळून वेगळेपण ठरवतो. जेलीफिन हा दुसरा सर्व्हर मुख्यतः फोल्डर पाहून अल्बम ठरवतो, त्यामुळे तिथे आवृत्तीगणिक वेगळं फोल्डर हवंच. फूबारमध्ये गट कसे करायचे हे तुम्हीच सूत्र लिहून ठरवता.

दोन्ही आवृत्त्या एकत्र झाल्या तर नाव बदलावं लागेल. एमपीथ्रीटॅगमध्ये एका टॅगवरून दुसरा टॅग बनवण्याची सोय आहे. तिथे ‘अल्बम’ हा रकाना निवडा आणि सूत्र द्या: अल्बमबेस, मग एक जागा, मग चौकोनी कंसात अल्बमव्हर्जन. ‘रबर सोल [२००९ मोनो]’ असं नाव तयार होतं. ‘अल्बम’मधूनच ‘अल्बम’ बनवायला गेलात तर सूत्र दुसऱ्यांदा चालवताच कंस दोनदा लागतो. अल्बमबेस वेगळा ठेवायचा तो यासाठी. परत निखळ नाव हवं असेल तर ‘अल्बम’मध्ये नुसतं अल्बमबेस ओता, झालं.

कंस कुणाला लावायचा? माझ्या मते ज्या अल्बमच्या एकाहून जास्त आवृत्त्या तुमच्याकडे आहेत त्यांनाच, पण मग त्यांच्या प्रत्येक आवृत्तीला. एक प्रत बिनकंसाची सोडली की तीच ‘मूळ’ असा समज होतो, आणि बऱ्याचदा ती कुठलीतरी मधलीच सीडी असते. ज्या अल्बमची एकच आवृत्ती आहे तिथे अल्बमव्हर्जन भरलेलं असू द्या, नाव मात्र स्वच्छ ठेवा.

लास्ट एफएमवर ऐकण्याच्या नोंदी ठेवणाऱ्यांसाठी इशारा: नावात कंस आला की तिथल्या अल्बमच्या आकड्यांची फाळणी होते. आकडेवारीचा सोस असेल तर रिलीज आयडी वाचणारा प्लेअर निवडणंच श्रेयस्कर.

डीलक्स, संच आणि एका डिस्कवर दोन अल्बम

डीलक्स आवृत्तीत पहिल्या डिस्कवर मूळ अल्बम आणि दुसरीवर डेमो-लाइव्ह असा ऐवज असतो. ती फोडू नये. डिस्क क्रमांक, एकूण डिस्क आणि ‘डिस्कसबटायटल’ हे तीन रकाने भरले की प्लेअर डिस्कप्रमाणे विभाग पाडून दाखवतो. मूळ अल्बम संपल्यावर लगेच डेमो सुरू झालेला खपत नसेल तर फक्त मूळ गाण्यांची प्लेलिस्ट करा. टॅगमध्ये कापाकापी नको.

‘रबर सोल’च्या मोनो डिस्कसारखी चीज आली तर मात्र मी फोडतो. तिथे एकाच डिस्कवर पहिली १४ गाणी मोनो आणि पुढची १४ तीच गाणी १९६५ च्या स्टिरिओ मिक्समध्ये आहेत. एकसलग ऐकायला त्यात अर्थ नाही. पहिल्या चौदांना ‘२००९ मोनो’ आणि पुढच्या चौदांना ‘२००९ संच, १९६५ स्टिरिओ’ असं अल्बमव्हर्जन द्या. दुसऱ्या भागाचे ट्रॅक क्रमांक १५ ते २८ आहेत ते तसेच ठेवा, म्हणजे डिस्कवरची मूळ जागा कळते. इथे एक फास आहे: दोन्ही भागांचा रिलीज आयडी एकच असतो. आयडीला अग्रक्रम देणारा प्लेअर तुमचे दोन अल्बम लगेच पुन्हा जोडतो. म्हणून फोडलेल्या दुसऱ्या भागातून रिलीज आयडी उचलून स्वतःच्या एखाद्या रकान्यात हलवा, उदाहरणार्थ ‘मूळरिलीजआयडी’. तो पुसायचा नाही, फक्त प्लेअरच्या नजरेआड करायचा.

मोठ्या संचांचंही असंच. दहा-बारा अल्बमांचा संच हा एकच अल्बम म्हणून लावला तर १५० गाण्यांचा डोंगर होतो आणि कलाकाराच्या पानावर हवा तो अल्बम सापडत नाही. प्रत्येक अल्बम वेगळा करा, संचाचं नाव ‘ग्रूपिंग’ या रकान्यात घाला आणि आयडीची वरचीच युक्ती वापरा. ज्या संचात न प्रकाशित झालेलं साहित्यच जास्त आहे तो एकसंध राहू द्या.

फोल्डर आणि फायलींची नावं

फोल्डर हा टॅगचा आरसा असावा, आणि तेही सॉफ्टवेअरने टॅगवरून बनवलेला. रचना अशी: कलाकाराचं फोल्डर, त्यात मूळ वर्ष आणि अल्बमबेस, मग चौकोनी कंसात अल्बमव्हर्जन. जमलं तर पुढे कॅटलॉग क्रमांक. मूळ वर्ष आधी घेतल्यामुळे एका अल्बमच्या सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी येतात.

नावं बनवताना विंडोजला न चालणारी चिन्हं टाळा: दोन्ही तिरप्या रेघा, अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनी कंस आणि उभी रेघ. पिकार्डमध्ये विंडोजशी जुळणारी नावं ठेवण्याचा पर्याय आहे, तो लिनक्सवर असलात तरी चालू ठेवा. विंडोजवर संपूर्ण मार्गाची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि लांबलचक डीलक्स नावांनी ती सहज ओलांडली जाते.

देवनागरीत नावं ठेवणाऱ्यांना दोन अडचणी जास्त. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त हेही मोजून. म्हणजे ८५ चिन्हांत नाव बसवावं लागतं. दुसरी अडचण ‘ऱ’ची. हे अक्षर यूनिकोडमध्ये एक चिन्ह म्हणूनही साठवता येतं आणि ‘र’ व नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणूनही. डोळ्यांना काही फरक दिसत नाही, पण प्लेअरला दोन वेगळे कलाकार दिसतात. जुन्या मॅकच्या डिस्कवरून फायली आल्या असतील तर हे हमखास तपासा. एका ठिकाणचं नाव कॉपी करून सगळ्या फायलींत चिकटवलं की प्रश्न मिटतो. लिपी कोणती हेही एकदाच ठरवा. एकच कलाकार अर्धा रोमनमध्ये आणि अर्धा देवनागरीत, हा गोंधळ आवृत्त्यांपेक्षा भयंकर.

कव्हर प्रत्येक आवृत्तीचं तिचंच लावा. प्लेअरमध्ये झटकन फरक ओळखायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. फाइलच्या आत हजार पिक्सेलपर्यंतचं चित्र पुरे. मोठं स्कॅन फोल्डरमध्ये ठेवा आणि मागच्या कव्हरचंही घ्या, कारण बारकोड-कॅटलॉगचा पुरावा तिथेच असतो.

ऐकून निवडताना

रीमास्टर ठेवायचा की जुनी सीडी, हे ठरवताना आवाजाची पातळी समान केल्याशिवाय तुलना करू नका. जो मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो. कान असाच फसतो. रीप्लेगेनचा ‘अल्बम’ प्रकार चालू करून ऐका. तो पूर्ण अल्बम एका मापाने खालीवर करतो, त्यामुळे गाण्यागाण्यांतला चढउतार तसाच राहतो. मात्र हे मोजमाप दिसणारं नाव तयार झाल्यानंतरच करा. टॅगवरून अल्बम ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन आवृत्त्या एकच वाटल्या, तर ते दोघींचं मिळून एकच माप काढतं आणि तुलनाच निरर्थक होते.

दोन छपाया अगदी सारख्या वाटत असतील तर फूबारच्या तुलना करणाऱ्या घटकाने नमुने ताडून बघा. फ्लॅक फाइलमध्ये आवाजाची एमडी५ बेरीज, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांवरून काढलेला ओळख-आकडा, साठवलेली असते. ती दोन्हींत जुळली तर आवाज तोच, दुसरी प्रत काढायला हरकत नाही. न जुळली म्हणून आवाज वेगळाच असेल असं मात्र नाही. एकाच मास्टरवरून निघालेल्या दोन छपायांत सुरुवात काहीशे नमुन्यांनी पुढेमागे झालेली असते आणि तेवढ्यानेही बेरीज बदलते. क्यूटूल्स या रिप तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस अशी सरक गृहीत धरून ताडतो, अशा वेळी तो वापरा.

जुन्या सीडींपैकी काहींवर प्री-एम्फसिस असतं: उंच स्वर मुद्दाम वाढवून नोंदवलेले, आणि प्लेअरने वाजवताना ते उतरवायचे अशी योजना. रिप करताना ही खूण बहुधा गळून पडते आणि फाइल टोचरी वाजते. ऐंशीच्या दशकातली एखादी आवृत्ती संशयास्पद तेज वाटली तर ‘मास्टरिंग वाईट’ म्हणून टाकून देण्याआधी रिपचा लॉग बघा. तिथे प्री-एम्फसिसची नोंद असेल तर अल्बमव्हर्जनमध्येही ती करा आणि आवाज दुरुस्त केलेली प्रत वेगळी बनवा.

शेवटची तपासणी

सगळं झाल्यावर एमपीथ्रीटॅगमधून पूर्ण यादी स्प्रेडशीटसाठी निर्यात करा: अल्बमचा कलाकार, अल्बमबेस, अल्बमव्हर्जन, डेट, ओरिजिनलडेट, डिस्क क्रमांक, रिलीज आयडी, फाइलचा मार्ग. मग चार चाळण्या लावा. अल्बमव्हर्जन रिकामं असलेल्या ओळी. एकाच फोल्डरमध्ये दोन रिलीज आयडी. कलाकार, अल्बमबेस आणि अल्बमव्हर्जन तेच पण दोन फोल्डर. आणि ओरिजिनलडेट डेटच्या नंतरची असलेल्या ओळी, कारण तसं होऊच शकत नाही. दुसऱ्या चाळणीत सर्वांत जास्त मासे सापडतात: एखादं हरवलेलं गाणं दुसऱ्या आवृत्तीतून उचलून भरलेलं असतं. तसं जाणूनबुजून केलं असेल तर ‘कॉमेंट’मध्ये लिहा, नसेल तर ते गाणं त्याच्या घरी पाठवा.

फ्लॅकमधली एमडी५ बेरीज फक्त आवाजाची असते, टॅगचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे घाऊक बदलांनंतर फ्लॅकची स्वतःची चाचणी सगळ्या फायलींवर चालवून आवाजाला धक्का लागला नाही याची खात्री करता येते. चाचणी स्वच्छ निघाली की मगच जुन्या बॅकअपच्या जागी नवा बॅकअप घ्या. निर्यात केलेली यादीही त्यातच ठेवा. नवे अल्बम थेट संग्रहात न टाकता ‘आवक’ नावाच्या फोल्डरमध्ये उतरवा. अल्बमव्हर्जन भरल्याशिवाय तिथून काहीही हलवायचं नाही.